स्वयंपाकघरातला मालधक्का

“ह्या खोलीत रहिवासी किती आन् उतारू किती?”

आमच्या चुलतसासऱ्यांनी घरात पाऊल टाकल्यावर उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. उभे कुठं होते? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. अंगात काळा कोट, डोक्याला रुमाल, आणि मागं ओसरीवर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि खडूंची एक पेटी. मी चुलीपुढं, नवी सून, पदर नाकापर्यंत. मी मनातल्या मनात मोजलं. सासूबाई, माझे यजमान म्हणजे आमचे मास्तर, आणि मी, असे रहिवासी तीन. उतारू एक, म्हणजे हे स्वतः. एवढं सोपं गणित हे कशाला विचारतायत? पदराच्या फटीतून पाहिलं, तर त्यांचं बोट आमच्याकडं नव्हतंच. ते भांड्यांच्या मांडणीकडं होतं.

झालं होतं असं, की ओसरीवरूनच त्यांनी प्यायला पाणी मागितलं होतं आणि मला फुलपात्र सापडेना. ते सापडेपर्यंत त्यांना घेऊन आलेला टांगेवाला शेजारी पाणी पिऊन, बिडी ओढून, घोड्याला चारा घालून निघूनही गेला होता.

हे गृहस्थ सगळी नोकरीभर चुडाव्याच्या स्टेशनात मालबाबू होते. गावोगावची पोती, पेट्या, टोपल्या ज्या मालधक्क्यावर उतरायच्या, त्याचे हे राजे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. नोकरी संपली तेव्हा मानवतला भावाच्या घरी आले. भाऊही तोवर नव्हते. घर वहिनीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हातात होतं. सगळं गाव त्यांना मालबाबू म्हणायचं. मीही मनातल्या मनात तेच म्हणायची. उघडपणे काही म्हणायची सोयच नव्हती, कारण चुलतसासऱ्यांपुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही अशी आमच्या घरची रीत.

आता तुम्हाला आमचं स्वयंपाकघर दाखवते. जपून या, उंबऱ्यातच एक दांडा नसलेली कढई आहे. तिच्या शेजारी दांडा आहे, पण तो तिचा नाही. उजवीकडं गाडग्यांची उतरंड. वरच्या गाडग्यात मीठ, त्याखाली चिंच, त्याखाली काय आहे हे सासूबाईंनाही सांगता यायचं नाही, कारण खालचं गाडगं बघायचं तर वरची सहा उतरवावी लागत. समोर मांडणी, तिच्यावर पितळ, तांबं, कासं एकमेकांच्या पोटात कोंबलेलं. एक तपेलं ओढलं की चार झाकण्या अंगावर. कोनाड्यात नारळाच्या करवंट्या, फुटक्या बरण्यांची झाकणं, सुतळीचे तुकडे. आणि वर माळा, त्याच्याबद्दल पुढं.

ह्या सगळ्यावर सासूबाईंचं एकच पालुपद, “असू द्या. लागतंय कधीतरी.”

मालबाबूंनी ते ऐकलं, कोट काढून खुंटीला लावला, आणि म्हणाले, “वैनी, मी तीस वर्सं लाइनीवर काढली. कधीतरी नावाचं स्टेशन ह्या लाइनीवर न्हाई.”

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ते खडू घेऊन आत आले. पुरुषमाणूस स्वयंपाकघरात! सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“काय करायलाव भावजी?”

“खुणा.”

मालधक्क्यावर पडलेल्या प्रत्येक पोत्याला ते तीन प्रश्न विचारत आले होते : कुणाचं? कुठनं आलं? कुठं जाणार? तेच तीन प्रश्न आता आमच्या झाऱ्याला, उलथण्याला आणि पळ्यांना. जे घरचं आणि रोज लागतं त्याच्यावर खडूचा गोल, ते रहिवासी. जे दुसऱ्याचं त्याच्यावर बाण, ते उतारू. आणि ज्याला तिन्ही प्रश्नांची उत्तरं नाहीत त्याच्यावर फुली, ते बेवारस. बेवारस माल अंगणात. आठ दिवसांत ज्याला हवं त्यानं न्यावं.

अडचण एकच होती. उत्तरं मला माहीत, आणि मला बोलायचं नाही. ह्यातून वाट काढली ती आमच्या मांजरीनं. तिचं नाव बेगम. नाव मास्तरांनी ठेवलेलं. मालबाबू एक खलबत्ता हातात धरून बेगमला विचारायचे, “बेगमसाहेब, हे कुणाचं?” मी चुलीकडं तोंड करून बेगमला सांगायची, “बेगम, तो कोपऱ्यावरच्या वैद्यांचा. पावसाळ्याआधी आणलेला.” ते बेगमला म्हणायचे, “मग अजून इथं का?” मी बेगमला म्हणायची, “ते मला का विचारतेस?” बेगम डोळे मिटून बसायची. इतका विश्वासू मध्यस्थ मी पुन्हा पाहिला नाही.

सासूबाई मात्र कसलेल्या. फुली मारलेली वस्तू पुढच्या दारानं अंगणात गेली, की त्या तीच वस्तू पदराखाली झाकून मागच्या दारानं आत आणत. तळाला बोटभर भोक पडलेली एक चाळणी होती. ती चार वेळा बाहेर गेली आणि चार वेळा परत आली. पाचव्यांदा मालबाबूंनी तिच्यावर फुली मारली तेव्हा आधीच्या चार फुल्या अजून दिसत होत्या. मग त्यांनी फुल्या पुसल्या आणि तिच्यावर गोल काढला.

“हिला जायचं न्हाई,” ते बेगमला म्हणाले. “जिला जायचं न्हाई, तिला मुक्कामाला जागा द्यावी.” आणि तिला मांडणीवर खिळा ठोकून दिला. असा हा माणूस. शिस्तीत कडक, पण हरायचं कुठं ते कळणारा.

सगळ्यात मोठा गोंधळ बाणांनी केला. पूर्वी भांड्यांवर नावं कोरून घेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मालबाबू चष्मा लावून नावं वाचत गेले आणि निघालं काय, तर आमच्या मांडणीवरची तेवीस भांडी आमची नव्हतीच. ती आली होती कधी लोणचं घेऊन, कधी पुरण घेऊन, आणि राहिली होती एकाच कारणानं. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. आज द्यावं तर घरात काही केलेलं नाही, उद्या करू, मग देऊ. ते उद्या काही आलं नव्हतं.

“द्या परत,” मालबाबू म्हणाले.

“रिकामी?” सासूबाईंनी कानांना हात लावले. “लोक काय म्हनतील?”

“वैनी, मालगाडी रिकामी परत जाती तवा कुनी रडतंय व्हय?”

“मालगाडीला सासर-माहेर अस्तंय व्हय?”

मग काय, दोन दिवस मी शेंगा भाजतेय, लाडू वळतेय. तिसऱ्या दिवशी मालबाबू काळा कोट घालून, टोपलीत भांडी घेऊन निघाले. दारोदार उभे राहायचे आणि स्टेशनातल्या आवाजात पुकारायचे, “तुमचा एक नग! तपासून घ्या!” बायका हसून लोटपोट. पण त्यांनाही लाज वाटली असणार, कारण आठवडाभर गल्लीतून आमची भांडी परत येऊ लागली, आणि तीही भरून. तेवीस गेली, एकोणतीस आली. मांडणीवर पूर्वीपेक्षा दाटी झाली. मालबाबू डोकं धरून बसले आणि सासूबाई त्यांच्यासमोर एकेक भांडं ठेवत, गोड हसत म्हणत, “घ्या. मारा गोल.”

पण एकोणतिसात एक नव्हतं. ते म्हणजे पाचवी वाटी.

सासूबाईंच्या माहेरच्या काशाच्या पाच वाट्या होत्या. कडेला बारीक वेलबुट्टी, आणि चमचा लागला की देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद. त्यातल्या चार होत्या. पाचवी नऊ वर्षांपासून बेपत्ता. ह्या नऊ वर्षांत सासूबाईंनी गल्लीतल्या एकेका घरावर संशय घेऊन झाला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा ती हरवून आठ वर्षं झाली होती, तरी पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्याही ट्रंकेत हळूच पाहून घेतलं होतं.

आणि नऊ वर्षं म्हटलं, की आमच्या घरात आणखी एक गोष्ट होती जिचं नाव कुणी काढत नसे. चार घरं सोडून सासूबाईंची धाकटी बहीण राहायची, माझी मावससासू. आम्ही मावशी म्हणायचो, म्हणजे मास्तर म्हणायचे, तेही बाहेर. दोघी बहिणी नऊ वर्षांत एकमेकींशी शब्द बोलल्या नव्हत्या. तरी रोज सकाळी सासूबाई माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, जायच्या आणि मावशीच्या घराच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या धुराच्या भोकातून, धूर निघालेला दिसल्याशिवाय आपली चूल पेटवायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “वारं बघायले.”

अबोल्याचं कारण मला मास्तरांनी सांगितलं. मावशीची आठ वर्षांची मुलगी देवीच्या साथीत गेली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे जेवण पाठवतात. सासूबाई रोज आपल्या पितळी डब्यात भाकरी-पिठलं पाठवत होत्या. आता बघा, एरवी रिकामं भांडं परत करणं वाईट, पण सुतकाच्या घरून परत येणारं भांडं मात्र रिकामंच आलं पाहिजे. त्यात काही घालून दिलं तर दुःखही त्याच्याबरोबर येतं, असं आमच्याकडच्या बायका मानत. शेवटच्या दिवशी डबा परत आला. सासूबाईंनी हातात घेतला, आणि आत काहीतरी वाजलं. त्या वेळी मास्तर बारा वर्षांचे, तापानं फणफणलेले. एकुलत्या एका मुलाची आई ती. तिनं तो डबा न उघडता फडक्यात बांधला, माळ्यावर टाकला, आणि बहिणीच्या दारात जाऊन नको ते बोलून आली. “तुजं गेलं म्हनून माजं बी न्यायला बसलीस?” मावशीनं दार लावून घेतलं. मास्तरांचा ताप आठवड्यात उतरला. अबोला उतरला नाही.

पुढं ते दिवस आले. निजामाचं राज्य राहतं का जातं, कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात रोज नवी अफवा. ज्यांचे कुणी हद्दीपलीकडं होते, ती घरं कुलपं लावून निघू लागली. एके दिवशी दुपारी भांडी घासणारी सांगत आली, की मावशीचं घरही वऱ्हाडात तिच्या दिराकडं निघालंय, परवा सकाळी, टांगा ठरलाय.

सासूबाई म्हणाल्या, “जाऊ द्या.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माळवदावर इतका वेळ उभ्या राहिल्या, की खाली मी चूल पेटवायची का नाही ह्याच विचारात बसून राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई माळवदावरून लवकर खाली आल्या. “आज धूर न्हाई,” एवढंच म्हणाल्या आणि उतरंडीशी पाठ टेकून बसल्या. ज्यांना निघायचंय ते चूल कशाला पेटवतील?

नेमका त्याच सकाळी मालबाबूंनी माळा आवरायला काढला होता. शिडीवरून एकेक वस्तू खाली देत होते. सुपं, तुटकी परडी, आणि मग धुळीनं काळं पडलेलं फडकं, आत डबा. खाली उतरून त्यांनी फडक्यावरची धूळ झटकली. जुनं फडकं एका जागी फाटून आतलं झाकण दिसत होतं.

“कुणाचा?”

बेगम नव्हती. कुठं उंडारायला गेली होती. आता मी सांगायचं कुणाला?

“ठिवा तो!” सासूबाई ओरडल्या. “वर ठिवा! त्याला हात लावू नका!”

“नाव तुमचंच दिसायलंय वैनी, झाकणावर. मग रहिवासी झाला.”

“त्यातलं माजं न्हाई.”

“मग उतारू.”

“भावजी, मी सांगायले, त्यातलं मला नको हाय आन् परत बी द्यायचं न्हाई!”

मालबाबू डबा घेऊन तिथंच खाली बसले. मी त्यांचा चेहरा पाहिला. नोकरीभर ज्या एका गोष्टीनं त्यांना झोप लागू दिली नसेल ती त्यांच्या मांडीवर होती. आलेला माल, घेणाऱ्यानं घेतला नाही, पाठवणाऱ्याकडं परत गेला नाही.

“आत काय हाय?”

“नऊ वर्सं झाली, मी उगडून बघितलं न्हाई.”

“नऊ वर्सं?”

“उगडलं म्हंजी घेतलं की वो!”

त्यांनी डबा कानाशी धरला आणि हळूच हलवला. आता हे सांगायचं राहिलं, की बंद पोतं नुसतं थोपटून हळद का सुपारी हे ते सांगत, आणि चुडाव्याला त्यावरून पैजा लागत. त्यांनी पुन्हा हलवला. भुवया वर गेल्या.

“हे दाना-गोटा न्हाई वैनी. धातू हाय.”

मला काय झालं कोण जाणे. माझा हात मांडणीकडं गेला, काशाची एक वाटी मी उचलली, चमच्यानं वाजवली आणि मांजर नाही, पदर नाही, सरळ त्यांच्याकडं बघून म्हणाले, “मामंजी, असा आवाज का?”

घंटेसारखा तो नाद खोलीभर लांबत गेला. मालबाबूंनी डबा हलवला. फडक्यातून, धुळीतून, नऊ वर्षांतून तोच नाद आला, जरा दबलेला.

“तोच,” मालबाबू म्हणाले. मग रिकाम्या कोपऱ्याकडं बघून पुढं म्हणाले, “बेगम, सूनबाईला आवाज हाय बरं का.”

सासूबाई उठल्या. फडक्याची गाठ सुटेना, दातानं सोडली. झाकण उघडलं. आत दुसरं काही नव्हतं. स्वच्छ घासलेली, पाण्याचा थेंबही राहू नये अशी पुसलेली, वेलबुट्टीची पाचवी वाटी. पिठल्यासोबत त्यांनीच तिच्यात चटणी घालून पाठवली होती. मावशीनं मुलगी गेलेल्या घरात बसून बहिणीची दोन भांडी घासली होती आणि नीट एकात एक ठेवून परत केली होती. रिकामीच. रीतीप्रमाणं.

आपल्या मांडणीवर जी बाई आयुष्यभर भांड्यात भांडं कोंबत आली, तिला हे सुचू नये? पण कसं सुचणार? त्या दिवशी तिला फक्त वाजलेलं ऐकू आलं.

त्या रडल्या नाहीत. गुळाच्या ढेपेवरून त्यांनी एक खडा फोडला, त्या वाटीत घातला आणि अनवाणी निघाल्या. मी मागं, माझ्या मागं मालबाबू, कोट न घालता. आयुष्यात पहिल्यांदाच असावं.

मावशीच्या दारात टांगा उभा होता, वळकट्या चढत होत्या. मावशी उंबऱ्यावर कुलूप घेऊन उभी. नऊ वर्षांनी दोघी समोरासमोर, आणि पहिलं वाक्य काय असावं?

“वाटी हुती,” सासूबाई म्हणाल्या.

मावशीनं वाटीकडं पाहिलं. “तुजीच की ती.”

“वाजली.”

“काशाची हाय. वाजंल न्हाईतर काय.”

“सांगायचंस की गं मला!”

“तू इचारलं कुटं, आक्का? तू तर बोलूनच गेलीस.”

मग दोघी जे गळ्यात पडल्या ते टांगेवाल्यानं तीनदा खाकरल्यावर सुटल्या. मावशी टांग्यात चढली, तशी सासूबाईंनी वाटी तिच्या हातात ठेवली. तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि वाटी परत द्यायला हात पुढं केला. सासूबाईंनी हात मागं घेतला.

“राहू दे तुज्यापाशी.”

“अगं, संच मोडंल तुजा.”

“मोडू दे. आमचं भांडं हाय. भरून आन.”

मावशीला कळलं. त्या दिवसांत जाणारा माणूस परत येईल का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सासूबाईंनी विचारलं नाही. भांडं दिलं. आमच्या भागात रिकामं भांडं परत करता येत नाही आणि दुसऱ्याचं भांडं ठेवूनही घेता येत नाही. ज्याच्याकडं भांडं आहे त्याला यावंच लागतं.

टांगा गेला. घरी आल्यावर मालबाबूंनी मांडणी नव्यानं लावली. चार वाट्या ओळीनं, आणि पाचवीच्या जागी एका वाटीएवढी मोकळी जागा. तिथं त्यांनी खडूनं बाण काढला. सासूबाई एकदा घाईत तिथं मिठाचं भांडं ठेवायला गेल्या, तर ओसरीवरून ओरडले, “तिथं न्हाई! ती जागा रिकामी न्हाई वैनी. माल वाटेत हाय.”

रोज सकाळी सासूबाई माळवदावर जात. चार घरांपलीकडच्या सवण्यातून धूर निघत नसे. खाली येऊन त्या खडूच्या बाणाकडं बघत आणि चूल पेटवत.

हैदराबादचं काय व्हायचं ते झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि थंडी सुरू झाली तसा एके दुपारी दारात टांगा थांबला. मावशी उतरली ती वाटी दोन्ही हातांनी धरून. वाटीत तिळगूळ, सण अजून लांब होता, पण तिला धीर नव्हता. मालबाबूंनी काळा कोट चढवला, गंभीर चेहऱ्यानं वाटी उलटसुलट तपासली, तिळगूळ सासूबाईंच्या ओंजळीत ओतला, बाण पुसला आणि तिथं गोल काढला.

मालबाबू जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासूबाईही गेल्या. माझं स्वयंपाकघर, खरं सांगते, मालबाबूंना पसंत पडलं नसतं. चाळणी अजून खिळ्यावरच आहे. पण एक सवय मी त्यांच्याकडून घेतली आणि एक सासूबाईंकडून. गेल्या महिन्यात धाकटी लेक लग्न होऊन औरंगाबादला निघाली, तेव्हा मी तिच्या पिशवीत ती पाचवी वाटी घातली. ती म्हणाली, “आई, ह्याचा संच आहे ना? चारच राहतील.”

मी म्हटलं, “राहू देत. भरून आण.”

ती गेल्यावर मी मांडणीपुढं उभी राहिले. खडू घरात नव्हता. चुलीतला कोळसा घेतला आणि चार वाट्यांच्या शेजारी, मोकळ्या जागेत, एक बाण काढला.